यशवंतपूरच्या उद्यानात कान देऊन

मिरजेहून रात्री सुटलेली गाडी पहाटे यशवंतपूरला थांबली आणि फलाटावरील पाटी वाचून नेहमीप्रमाणे मनाला गंमत वाटली. एखाद्या मराठी घरातील कर्त्या पुरुषाला शोभावे असे हे नाव बेंगळुरूच्या वायव्य भागातील एका गजबजलेल्या स्थानकाचे आहे. मराठी कानाला हे नगर तसे परके नाही. 1638 साली विजापूरच्या फौजेने ते घेतले, पुढे त्याची जहागीर शहाजीराजांकडे आली आणि तेव्हापासून मराठी बोल या नगराच्या ओळखीचे आहेत. आम्ही मिरजकर तर सीमेवरचेच. आमच्या घरोघरचे ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ कानडीतून आलेले आहेत, याची आम्हांला आठवणही राहिलेली नाही.

प्रवास करून आलेल्याने काय पाहिले ते सांगावे, अशी रीत आहे. मी मात्र काय ऐकले ते सांगणार आहे. त्याला कारण माझा पेशा. माझी उमेदीची वर्षे तार कचेरीत गेली. कट्ट-कडकट्ट असा तो यंत्राचा आवाज इतरांना नुसता खडखडाट वाटे. आम्हांला त्यात अक्षरे ऐकू येत. कुणाकडे पुत्र झाला, कुणाला नोकरीचा हुकूम आला, कुणाला ताबडतोब निघून यायचे आहे, हे सारे त्या गावात सर्वांत आधी आमच्या कानांना कळत असे. 2013 साली देशातील तारसेवाच बंद झाली. पण कानांची सवय सुटली नाही. आपले कान फार तयार आहेत, असा एक अभिमानही मनात दडून राहिला होता. तो अभिमान यशवंतपूरच्या एका उद्यानात कसा उतरला, त्याची ही हकिकत आहे.

यशवंतपूर स्थानकाला दोन अंगे आहेत. एका अंगाला तुमकूरचा हमरस्ता. त्याच्यावरून 2014 पासून उंच खांबांवरची मेट्रो धावते आणि पलीकडे बाजार समितीचे प्रचंड आवार पसरलेले आहे. तेथे महाराष्ट्रातून आलेल्या कांद्याच्या मालमोटारी उभ्या असतात आणि चालकांच्या तोंडची अस्सल नगरी किंवा सोलापुरी मराठी अवचित कानी पडते. दुसऱ्या अंगाला मत्तीकेरे नावाची वस्ती. माझी मुलगी आणि जावई तिकडे राहतात. तेथेच सुमारे 85 एकरांचे जयप्रकाश नारायण जैवविविधता उद्यान आहे. 2006 साली ते उभे राहिले. आत पाणी आहे, झाडी आहे, फिरण्यासाठी लांबलचक वाटा आहेत. बेंगळुरूला आलो की पहाटे नातीला बरोबर घेऊन या उद्यानात जायचे, हा माझा नेम. ती शाळेत कानडी बोलते, घरी मराठी बोलते आणि पाखरांशी त्यांच्याच भाषेत बोलण्याचा प्रयत्न करते.

उजाडण्यापूर्वीचे उद्यान डोळ्यांना फारसे काही देत नाही. म्हणून कान आपोआप पुढे होतात. प्रथम ऐकू येतो तो यशवंतपूर स्थानकातील इंजिनाचा भोंगा. दिवसा तो इतका जवळ वाटत नाही. रात्रभरात जमीन निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि वर निघालेला आवाज वळून पुन्हा खाली येतो. त्यामुळे दूरचा ध्वनी पहाटे दाराशी आल्यासारखा वाटतो. आमच्या मिरजेतही पहाटेची गाडी उशापाशी शिट्टी घालते, त्याचे रहस्य हेच.

पाठोपाठ खराटा बोलू लागतो. झाडणाऱ्या बायका वाटेवरून पुढे पुढे सरकतात आणि पाचोळ्याच्या जातीप्रमाणे खराट्याचा स्वर पालटतो. पर्जन्यवृक्षाची बारीक पाने सळसळत गोळा होतात. मोठी जाड पाने खडखड वाजत फरफटतात. मग पावलांची वर्दळ सुरू होते. धावणाऱ्याचे बूट, सावकाश चालणाऱ्या गृहस्थाच्या फटफटणाऱ्या चपला, एखाद्या आजीबाईंची काठी. दोघे ओळखीचे भेटले की, ‘तिंडी आय्ता?’ असा प्रश्न येतो. न्याहारी झाली का, एवढाच त्याचा अर्थ. पण त्यात क्षेमकुशल सारे येऊन जाते. सहाच्या सुमारास एका कोपऱ्यातून दहावीस माणसांचे गडगडाटी हास्य उठते. हे हास्यमंडळ. 1995 साली मुंबईतील एका उद्यानात डॉ. मदन कटारिया यांनी चार-पाच माणसांनिशी असे पहिले मंडळ सुरू केले. आज जगभरच्या उद्यानांतून लोक ठरवून हसतात. प्रारंभी ते हसू खोटे वाटते खरे. पण थोड्याच वेळात कुणीतरी खरोखर हसू लागतो आणि तो फरक कानाला तत्काळ कळतो.

तोपर्यंत झाडे जागी झालेली असतात. आपल्या तांबटाचे नाव ज्याने ठेवले त्याचे कान धन्य होत. टुक्, टुक्, टुक् असा त्याचा अखंड ठोका ऐकताना पुण्याच्या तांबट आळीतून चालल्याचा भास होतो. मी मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिले. मिनिटाला शंभरावर ठोके भरले. मौज अशी की, हा आवाज काढताना पक्ष्याची चोच मिटलेली असते; फुगतो तो गळा. त्याचाच मोठा भाऊ कुटुरगा ‘कुटुर्र, कुटुर्र’ करीत एका झाडावरून हाक घालतो आणि दुसऱ्या झाडावरून त्याला ओ मिळते. कोकिळेला कानडीत कोगिले म्हणतात, चिमणीला गुब्बच्ची, कावळ्याला कागे. भाषा कोणतीही असो, माणसाने पाखराला नाव देताना बहुधा आधी कान दिलेला असतो.

तळ्याकाठी वेगळीच मंडळी. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढऱ्या गंधाचा टिळा असलेला पाणपक्षी आपल्याकडे ‘वारकरी’ म्हणून ओळखला जातो. त्यांची दिंडी पाण्यावर चालली की मधूनमधून एक आखूड, खणखणीत आवाज उमटतो. टिबुकली बुडी मारते तेव्हा ‘टुबुक’ एवढेच ऐकू येते, आणि ती पाण्याबाहेर कोठे निघेल याची वाट पाहण्यात नातीचा वेळ मजेत जातो. काठावरचा पिंपळ तर वाऱ्याचीही वाट पाहत नाही. लांब देठांची त्याची पाने इतरत्र सारे निश्चल असतानाही एकमेकांवर वाजत राहतात. डोळे मिटले तर पावसाची बारीक सर आल्यासारखे वाटते.

या बाकावर बसून आम्ही आजोबा-नातीने एक खेळ बसविला होता. पाच मिनिटे डोळे मिटायचे आणि जितके निरनिराळे आवाज ऐकू येतील तितके बोटांवर मोजायचे. जो अधिक मोजील तो जिंकला. मागील खेपेपर्यंत मीच जिंकत असे. या वेळी पहिल्याच दिवशी तिचे एकोणीस भरले, माझे बारा. “तू मनाने वाढवून सांगतेस,” असे मी म्हणालो. तेव्हा तिने मला सिंगापूर चेरीच्या एका झाडाखाली नेले. “आजोबा, फुलटोच्या बोलतोय. टिक्, टिक्, टिक्. ऐका ना.” मी वर पाहिले. अंगठ्याएवढा तो राखी पक्षी फांदीवर अगदी स्पष्ट दिसत होता. त्याची चोच हलत होती, शेपटी हलत होती. आवाज मात्र नव्हता. एखाद्या जुन्या मूकपटासारखे ते दृश्य मी पाहत राहिलो.

घरी परतल्यावर मी हातातील घड्याळ कानाशी धरले. हे किल्लीचे एच.एम.टी. घड्याळ मी पहिल्या पगारातून घेतले होते. त्याचे माहेर येथून जवळच, जलहळ्ळीला. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 साली तेथे घड्याळांचा सरकारी कारखाना निघाला आणि देशातील लाखो मनगटांना त्याने वेळ दाखविली. 2016 साली तो कारखाना बंद पडला. माझे घड्याळ चालूच होते. त्या दिवशी ते मला बंद वाटले. “बंद कुठे आहे?” नात आपल्या कानाशी धरून म्हणाली, “चालू आहे की!” सेकंदाचा काटा खरोखरच फिरत होता.

तरीही मी मनाची समजूत घातली. घड्याळ जुने झाले, यंत्र मंद वाजत असेल, बाहेर रहदारी फार, अशी अनेक कारणे मी शोधून काढली. माणूस डोळ्यांना दिसेनासे झाले की, चार दिवसांत चश्मा आणतो. कानांच्या बाबतीत मात्र तो वर्षानुवर्षे इतरांनाच दोष देत राहतो. ‘हल्ली कुणी स्पष्ट बोलतच नाही’ हे वाक्य मी घरात किती वेळा उच्चारले असेन, त्याची गणती नाही.

त्यानंतर तिसऱ्या रात्रीची गोष्ट. मी वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. नात जवळ येऊन हळू आवाजात काहीतरी म्हणाली. नीट ऐकू आले नाही. परंतु पुन्हा विचारण्याचा संकोच वाटला. म्हणून मी नेहमीप्रमाणे हसून “हो, हो,” म्हटले. ती मुकाट्याने निघून गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती उद्यानात यायला तयार होईना. मग मुलीने मला सांगितले, “अण्णा, काल तिने तुम्हांला विचारलं होतं, तुम्ही माझ्यावर रागावलात का? दोन दिवस ती हाक मारते नि तुम्ही लक्षच देत नाही, असं तिला वाटलं. आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात.”

त्या सकाळी मी उद्यानाकडे गेलो नाही. कान तपासून घेण्यासाठी गेलो.

तपासणी साधी असते. शांत खोलीत कानांवर श्रवणी चढवितात, निरनिराळ्या उंचीचे स्वर क्षीण करीत जातात आणि ऐकू आले की बटण दाबायचे. शेवटी त्याचा आलेख मिळतो. माझ्या आलेखाची रेघ डावीकडे, म्हणजे खालच्या स्वरांपाशी, ठीक होती आणि उजवीकडे, उंच स्वरांपाशी, घाटातील रस्त्यासारखी खाली उतरली होती. डॉक्टरांनी समजावून दिले ते असे. निरोगी तरुण कानाला दर सेकंदास सुमारे 20 पासून 20,000 पर्यंत कंपनांचे ध्वनी ऐकू येतात. आतल्या कानातील शंखाकृती नळीत सुमारे 15,000 केसपेशी असतात. वयामुळे किंवा दीर्घकाळच्या गोंगाटामुळे त्या मरतात आणि एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बहुधा उंच स्वरांच्या पेशी प्रथम जातात. म्हणून तांबटाचा ठोका राहतो आणि फुलटोच्याची टिकटिक जाते. म्हणूनच बोलण्याचा आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. कारण ‘स’, ‘श’, ‘थ’, ‘फ’ अशा वर्णांची ओळख पटविणारा भाग उंच स्वरांत असतो. तो गळला की ‘सात’ आणि ‘हात’ एक होऊन जातात. लहान मुलांचा कोवळा आवाज तर सर्वांत आधी निसटतो.

हे ऐकताना मला आमच्या मिरजेतील तंबोऱ्याचे कारागीर आठवले. तंबोऱ्याच्या तारेखाली, घोडीवर, सुताचा एक बारीक धागा सरकवितात. तो नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजत नाही, झंकारते. तिच्या मूळ स्वराच्या अंगातून वरचे अनेक स्वर फुलून येतात. हीच जवारी. ती उतरली की वाद्य मुके होत नाही, भोंगळ होते. या जवारीचे शास्त्र प्रथम विशद करणाऱ्यांत सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. तंबोरा आणि वीणा यांच्या वळणदार घोडीमुळे तारेत एरवी न उमटणारे वरचे स्वरही कसे जागे होतात, हे त्यांनी 1921 साली दाखविले. त्याआधी वर्षभर मृदंग आणि तबला यांच्या शाईचे रहस्य त्यांनी उकलले होते. 1933 साली ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक म्हणून आले. ती संस्था यशवंतपूरला लागूनच आहे. पुढे 1948 साली त्यांनी स्वतःची संशोधन संस्थाही येथून थोड्याच अंतरावर काढली आणि 1970 साली याच नगरात देह ठेवला. मिरजेच्या तंबोऱ्याचे मर्म सांगणारा शास्त्रज्ञ या परिसरात वावरला आणि मला माझ्या दुखण्याचे नाव याच परिसरात सापडले. माझ्या कानांची जवारी उतरली होती.

श्रवणयंत्र आले. ते लावले की सारे पूर्ववत होईल, अशी माझी कल्पना होती. तसे झाले नाही. पहिल्या दिवशी भांड्यांचा खणखणाट असह्य झाला, वर्तमानपत्राचे पान उलटले तरी दचकायला झाले, स्वतःचा आवाज परक्याचा वाटला. यंत्र आवाज मोठा करते. कोणता ऐकायचा आणि कोणता सोडायचा, ही निवड ते पुरती करू शकत नाही. ती मेंदूला करावी लागते आणि बरीच वर्षे ते काम न केल्यामुळे त्याचा सराव मोडलेला असतो. डॉक्टरांनी सांगितले, “शांत जागी बसून रोज थोडे ऐकत जा.” अशी जागा मला ठाऊक होती आणि शिकविणारीही घरातच होती. तिची समजूत काढायला मात्र थोडा वेळ लागला. “मी रागावलो नव्हतो, मला ऐकूच आले नव्हते,” हे एवढेसे वाक्य बोलताना मला किती जड गेले! ते वर्षभर आधी बोललो असतो तर तिच्या मनाला ती रात्र सोसावी लागली नसती.

त्यानंतरच्या सकाळी आम्ही खेळाचे नियम बदलले. आता कुणी जिंकायचे नव्हते. ती एक आवाज सांगे, मी तो शोधी. “बांबू करकरतोय.” सापडला. “कुणीतरी शहाळं फोडतंय.” उद्यानाच्या दाराशी ‘एळनीरु’वाल्याच्या कोयत्याचा खच्चकन् आवाज, तोही सापडला. “शिंजीर.” नाही. “पुन्हा बोलला.” नाही. “आता ऐका, आता!” आणि कोठेतरी, पत्र्याच्या डब्यात खडा पडावा तसा बारीक, किंचित कोरडा आवाज आला. तो माझ्या आठवणीतला गोड आवाज नव्हता, पण होता.

कान देऊन बसू लागलो तसे आणखी एक ध्यानात आले. साडेसातच्या पुढे उद्यानाची सीमा जणू आत सरकू लागते. बाहेरच्या रस्त्यांवरील भोंगे आणि वाहनांची घरघर झाडांच्या रांगा ओलांडून येते आणि बारीक आवाज तिच्याखाली बुडतात. ही अडचण पाखरांनाही जाणवते. आपल्या रामगंगेच्या कुळातील एका पक्ष्याचा नेदरलंड्समधील लायडन नगरात अभ्यास झाला. जेथे गोंगाट अधिक तेथील पक्षी वरच्या पट्टीत गातात, असे 2003 साली दिसून आले. उलट 2020 साली महामारीमुळे रहदारी थांबली तेव्हा अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या चिमण्यांच्या जातीतील पक्षी हळू आणि अधिक सुरेल गाऊ लागले. गोंगाट कमी झाला की पाखरूदेखील ओरडायचे थांबते, हे घरातील माणसांनीही ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्या देशात 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही त्यांतील मर्यादा. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवती 100 मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि तेथे मर्यादा दिवसा 50, रात्री 40. नियम कागदावर आहेत, पाळायचे आपण. तरुण मंडळींनी आणखी एक पाळावे. कानात घालून संगीत ऐकण्याच्या साधनांचा आवाज 80 डेसिबल असेल तर आठवड्याला 40 तास ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली सुरक्षित मर्यादा आहे. आवाज वाढला की हे तास झपाट्याने घटतात. 2050 पर्यंत जगातील सुमारे 250 कोटी माणसांना कमीअधिक प्रमाणात ऐकू कमी येईल, असा अंदाज याच संघटनेने 2021 साली वर्तविला आहे. त्यांतील पुष्कळांना वेळेवर मदत मिळू शकते. म्हैसूरला 1960च्या दशकापासून वाणी आणि श्रवण यांना वाहिलेली अखिल भारतीय संस्था काम करीत आहे; मोठ्या सरकारी रुग्णालयांतूनही कानांची तपासणी होते. घरातील वडीलधारी माणसे दूरदर्शनचा आवाज वाढवू लागली, प्रश्न न कळता हसून ‘हो’ म्हणू लागली, चार माणसांत बसण्याचे टाळू लागली, तर त्यांना विसराळू किंवा तऱ्हेवाईक ठरविण्याआधी त्यांचे कान तपासावेत.

मिरजेला निघण्याच्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच बाकावर बसलो. पाच मिनिटे डोळे मिटले. खराटा, पावले, कुटुरगा, पिंपळ, हास्यमंडळ, दूरवर यशवंतपूरचा भोंगा. नातीचे वीस भरले, माझे सतरा. उरलेले तीन तिने मला हळू आवाजात सांगितले आणि ते मला एकदाच सांगण्यात ऐकू आले. मग तिने माझ्या मनगटावरील घड्याळ सोडवून माझ्या कानाशी धरले आणि माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली.

“चालू आहे,” मी म्हणालो.